कुंदाचं डोंगेवालं विमान

कुंदाबरोबर बाजारात जायचं म्हणजे अर्ध्या दिवसाची माती. बल्लारपूरच्या आठवडी बाजारात ती वांग्यांच्या ढिगासमोर उकिडवी बसायची. एकेक वांगं उचलायची, देठ वाकवून बघायची, पोटाशी दाबायची आणि कानाशी नेऊन हलवायची. वांग्यात ऐकण्यासारखं काय असतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. एवढं करून ती वांगी न घेताच उठायची, कारण एकाच्या देठाजवळ म्हणे सुरकुती होती. मग भाजीवाली माझ्याकडे बघायची, हिला मीच लाडावून ठेवल्यासारखी. मी गुपचूप अर्धा किलो वांगी घ्यायचे आणि घरी येऊन कुंदालाच त्यांचं भरीत खाऊ घालायचे. ते ती मिटक्या मारत खायची.

या बाईला विमान विकत घ्यायचं होतं. तेही जुनं, दुसऱ्याने वापरलेलं.

कुंदा रामटेके आणि मी एका बाकावरच्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले. ती वैमानिक झाली. बल्लारपूरच्या बौद्ध वस्तीतली मुलगी विमानात कशी जाऊन बसली, ते सगळं पेपरात येऊन गेलेलं आहे आणि त्या प्रत्येक बातमीने कुंदाचं डोकं फिरलेलं आहे. दर बातमीत तिचे वडील कागद कारखान्यात डोक्यावर बांबूचे भारे वाहत. प्रत्यक्षात ते बांबूच्या यार्डात वजनकाट्यावर कारकून होते, इस्त्रीचा सदरा घालून जायचे आणि घरी आल्यावर कुणाला पाण्याचा ग्लासही उचलू द्यायचे नाहीत. कुंदा म्हणायची, यांना माझा बाप कुठंही चालेल, फक्त त्याच्या डोक्यावर बांबू पाहिजे.

नोकरीची बरीच वर्षं तिने समुद्रातल्या एका बेटांच्या देशात काढली. तिथे एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायला पाण्यावर उतरणारी विमानं असतात. विमानाच्या पोटाखाली दोन लांबट, पोकळ, धातूचे फ्लोट असतात, त्यांवर ते तरंगतं. आपल्याकडचे ढिवर ज्या डोंग्यातून मासे धरतात, थेट तसेच दिसतात ते. ओल्या डोंग्यावरून पाय घसरू नये म्हणून तिथले वैमानिक अनवाणीच विमान चालवतात. कुंदाला ती सवय लागली आणि पन्नाशीनंतर ती कायमची बल्लारपूरला परतली तेव्हा तशीच, अनवाणी आली. बाजारात, पोस्टात, लग्नात, सगळीकडे. तिच्या आईने, सुमनबाईंनी, एकेकाळी स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन पोरीच्या पायात कॅनव्हासचे जोडे घातले होते. आई असती तर हिला बदडून काढलं असतं. बायका मला कोपऱ्यात घेऊन विचारायच्या, नवस बोलली का हो? आमच्यात नवस कुठून येणार. मी सांगायचे की बाई, हिला समुद्र चावलाय.

तिची दुसरी सवय याहून वाईट होती. ती स्वतःशी मोठ्याने एक वाक्य बोलायची. काही विमानांच्या डोंग्यांत चाकंही दडवलेली असतात, म्हणजे तेच विमान धावपट्टीवरही उतरू शकतं. धावपट्टी असेल तर चाकं बाहेर काढायची, पाणी असेल तर आत घ्यायची. यात उलट झालं की संपलं. चाकं बाहेर ठेवून पाण्यावर टेकलं की चाकं पाण्यात अडकतात आणि विमान कोलांटी खाऊन उलटं पडतं. तिच्यादेखत तिचा एक सोबती असा गेला होता. चांगला मुरलेला वैमानिक, सकाळभर धावपट्ट्यांवर उतरून आलेला, दुपारी पाण्यावर उतरताना विसरला. तेव्हापासून कुंदा प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणायची, "पानी हाय, चाकं वर." किंवा, "जमीन हाय, चाकं खाली." आणि मग खिडकीतून डोळ्यांनी बघायची.

विमानात हे ठीक आहे. पण ती हे कुठेही म्हणायची. नाल्यावरच्या पाण्यातून स्कूटर घालताना मागे बसलेल्या मला ऐकू यायचं, पानी हाय, चाकं वर. पंगतीत मांडी घालताना, जमीन हाय, चाकं खाली. एकदा अहेरीला माझ्या एका सहकाऱ्याच्या घरी आम्ही दुःखाला भेटायला गेलो. फरशी नुकतीच पुसलेली होती. दारातच कुंदाने आपलं वाक्य म्हटलं आणि ती पाऊल जपून टाकत आत आली. ज्यांच्या घरचं माणूस गेलं होतं ते सगळे आमच्याकडे बघत राहिले. परतीच्या एसटीत आलापल्लीपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

आता विमानाचं. तिला एका इंजिनाचं, चार माणसांचं, चाकंवाल्या डोंग्यांचं छोटं विमान हवं होतं. ते चंद्रपूरच्या धावपट्टीवर ठेवायचं, तिथून उडायचं आणि आईच्या गावच्या तलावावर उतरायचं. आईचं गाव सिंदेवाहीच्या बाजूला, जंगलाच्या कडेला. आपल्या झाडीपट्टीत गावोगाव जुने मोठे तलाव आहेत, त्यातलाच हा एक. लांबीला भरपूर आणि वारा बहुतेक त्याच्या लांबीवरूनच वाहतो. कुंदाने लहानपणी आजोळी जाताना तो पाहिला होता आणि एवढी बेटं फिरूनही तो तिच्या डोक्यातून गेला नव्हता.

पण तलाव रिकामा थोडाच असतो. पावसाळा लागला की ढिवर बायका त्यात शिंगाड्याचे वेल लावतात आणि दिवाळीपर्यंत निम्मं पाणी हिरवं होऊन जातं. विमानाला मात्र लांबचलांब मोकळी पट्टी लागते. म्हणून आम्ही दोघी त्या गावी गेलो. वडाच्या पारावर ढिवर समाजाची बैठक बसली. मला वाटलं होतं इथे हसतील, नाहीतर हाकलतील. त्यांनी तासभर फक्त प्रश्न विचारले. विमानाच्या पंख्याने मासे भितात का, तेल सांडतं का, डोंगे पाण्यात किती बुडतात. सगळ्यात म्हातारा जो होता, सोमाभाऊ, त्याने शेवटी विचारलं की जागा कुणाची जाते. ती जागा तुळसाबाईची होती. तलावाच्या मधोमध शिंगाडा लावणारी, एकट्याने डोंगा हाकणारी बाई. तिने कुंदाच्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"तू सुमनबाईची पोरगी न वो?" ती म्हणाली. "घे मंग. माह्या पट्टीत उतर."

आता यांची रीत अशी की तलावावर दिलेला शब्द तलावावरच परत करायचा. ज्याला पाणी दिलं त्याने स्वतः पाण्यापाशी येऊन 'घ्या' म्हटल्याशिवाय त्या पाण्यात कुणी हात घालत नाही, ज्याचं होतं तोसुद्धा. निरोप चालत नाही, फोन चालत नाही. हे सोमाभाऊने तिथेच स्पष्ट सांगितलं. कुंदा मान डोलवत होती, पण मला खात्री आहे की तिचं लक्ष वाऱ्याकडे होतं. त्या पावसाळ्यात तुळसाबाईने मधली पट्टी सोडून वेल लावले. एवढ्याशा काठावरच्या जागेत तिचं काय पिकणार होतं? पण ती हू की चू करेना.

म्हणजे पाणी मिळालं. ज्यांच्याकडून मिळणार नाही असं वाटलं होतं त्यांनी एका बैठकीत दिलं. ज्यांचं कामच देणं आहे त्यांच्याकडे आम्ही जोडे झिजवले. जोडे अर्थात माझे.

पाण्याच्या एका कचेरीने सांगितलं, हा तलाव आमच्याकडे नाही. ज्यांच्याकडे पाठवलं त्यांनी सांगितलं, तलाव आमचा आहे पण पाण्यावरची हवा आमची नाही. जंगलाच्या माणसाने विचारलं, वाघ बिचकला तर जबाबदार कोण. मग एका सज्जन साहेबाने सल्ला दिला की आधी विमानाचे कागद आणा, मग पाण्याचं बघू. विमानाच्या कागदांसाठी दिल्लीकडे विचारणा केली तर उत्तर आलं, उतरण्याच्या जागेचे कागद आणा, मग विमानाचं बघू. मी आयुष्यभर सरकारी शाळेत नोकरी केली आहे, शौचालयाच्या दाराला कडी बसवायला मी चार कचेऱ्या फिरले आहे. तरी माझासुद्धा जीव मेटाकुटीला आला.

आणि प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न, प्रयोजन काय? चंद्रपूरच्या एका कचेरीतला कारकून भला माणूस होता. तो मला हळूच म्हणाला, "मॅडम, रुग्णसेवा लिहा. पुरात गावं तुटतात, पेशंट आणाले इमान. लगेच होऊन जाईन." मला ते पटलं. मी पेनही उघडलं. कुंदाने कागद माझ्या हाताखालून ओढला.

"चार सिटा हायेत त्यात," ती म्हणाली. "पेशंटले कुठी झोपवू, मांडीवर? खोटं लिहून घेतलेलं पानी मले नाई पायजे."

"मग काय लिहू?"

"मले उतराचं हाय म्हणून. चौकात येवढ्या मोठमोठ्या गाड्या उभ्या हायेत, त्यायले कोणी प्रयोजन पुसते का? आपल्या मानसानं काही घेतलं की त्यानं गावाचं कल्याणच केलं पायजे, असं काऊन?"

कारकुनाने खाली मान घातली. मी बाहेर आल्यावर तिला झाडलं. कारण खरं कारण मला माहीत होतं, निदान मला तसं वाटत होतं. त्याच तलावाच्या घाटावर तिच्या आईला लहानपणी घागर टेकवू देत नसत. घाट सोडून खालच्या अंगाला, गुरं उतरत त्या जागेवरून, त्यांनी पाणी भरायचं. ही गोष्ट सुमनबाईंनीच आम्हा दोघींना शाळेत असताना सांगितली होती. मी कुंदाला म्हटलं, रुग्णसेवा नको तर हे लिही. ज्या पाण्याला आई शिवू शकली नाही त्यावर लेक विमान उतरवते. कोणता साहेब नाही म्हणेल? कोणता पेपर छापणार नाही? माझ्याच बोलण्याने माझे डोळे भरून आले होते.

कुंदा स्कूटरला किल्ली लावत होती. ती थांबली.

"आईचं दुःख अर्जाले जोडू नोको, शालू."

एवढंच. मला राग आला, अजूनही येतो. तिचं बरोबर होतं म्हणून तो जरा जास्तच येतो. अर्जावर तिने आपल्या हाताने 'स्वतःच्या आनंदासाठी' असं लिहिलं आणि तो अर्ज अजूनही कुठल्यातरी टेबलावर विचाराधीन आहे.

तोपर्यंत विमान शोधणं चालूच होतं. ज्या गावी विमान विकायला आहे असं कळायचं त्या गावी आम्ही रेल्वेने जायचो. प्रत्येक ठिकाणी विकणारा आधी आमच्या मागे कुणी येतंय का बघायचा. साहेब कुठे आहेत, हा पहिला प्रश्न. वैमानिक कोण, हा दुसरा. कुंदा अनवाणी पुढे व्हायची आणि तो माझ्या चपलांकडे आशेने बघायचा.

पश्चिम किनाऱ्याकडच्या एका शेडमध्ये पाहिलेलं विमान मला फार आवडलं होतं. पांढरं, वर निळा पट्टा, बसायच्या जागा नव्याकोऱ्या. मालक शपथेवर सांगत होता की हे फक्त गोड्या पाण्यात वापरलंय. खारं पाणी धातू खातं, म्हणून जुन्या डोंग्यांचा भाव खारं की गोडं यावर ठरतो, एवढं मलाही तोवर कळायला लागलं होतं. कुंदा डोंग्यावर पालथी पडली, वरचं एक झाकण उघडून तिने हात खांद्यापर्यंत आत घातला, आतल्या खिळ्यांवरून बोट फिरवलं आणि ते बोट चाटलं. मालकाचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग तिने डोंग्यात नळाने पाणी भरायला लावलं आणि खाली वर्तमानपत्रं पसरली. आपल्याकडे नवा माठ आणला की तो गळतो का ते बघायला असंच करतात, पण विमानाचा मालक गुळगुळीत दाढीचा शहरी माणूस, त्याला काय ठाऊक. आम्ही तिथे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून राहिलो. संध्याकाळी पेपरवर एक ओला डाग आला, बशीएवढा.

"खारं हाय अन् गळते," कुंदा म्हणाली आणि उठली.

अशी किती विमानं आम्ही नाकारली ते मी सांगत बसत नाही. एकाच्या इंजिनाचा आवाज तिला सर्दी झाल्यासारखा वाटला. एकाचे डोंगे चांगले होते पण त्यांना विमान धड नव्हतं. तिचं प्रत्येक वेळी बरोबर असायचं, हीच तर अडचण होती. चुकणाऱ्या माणसाशी भांडता येतं. हिच्याशी भांडायला गेलं की ती ओला पेपर दाखवायची.

आणि तिकडे तलावात मधली पट्टी मोकळी होती. दुसऱ्या पावसाळ्यातही तुळसाबाईने ती लावली नाही. तिसऱ्यातही नाही. आजूबाजूचे वेल त्या पट्टीत पसरायला बघत, तर ती आपला डोंगा घेऊन जाऊन ते मागे ओढायची. मी एकदा मुद्दाम कुंदाला बरोबर नेलं आणि हे दाखवलं. कुंदा काठावर उभी राहून बराच वेळ बघत होती. तिने तुळसाबाईला नुकसानीचं काहीतरी देऊ केलं, तर ती बाई चिडली. पाणी काय भाड्याने दिलंय का, म्हणाली.

परत येताना मूलच्या चहाच्या टपरीवर मी तिला सोडलं नाही. मी म्हटलं, तुझं विमान येईल तेव्हा येईल, त्या बाईचं पाणी तिला देऊन टाक. पुन्हा माग, ती पुन्हा देईल.

"पानी वापस केलं का मंग मी इमान घेईन असं तुले वाटते?" कुंदा म्हणाली. "ते पट्टी खुली हाय म्हणून तं मी फिरून राह्यली."

"आणि तिने काय खायचं?"

कुंदाने चहा तसाच ठेवला. इतकी वर्षं आम्ही भांडत आलो, पण तिने चहा टाकलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

पुढच्या उन्हाळ्यात ते विमान मिळालं. मध्य भारतातल्या एका लहान धावपट्टीवर, एका म्हाताऱ्या हौशी माणसाचं. त्याचे डोळे गेले म्हणून तो विकत होता. पिवळं विमान. कुंदाने बोट चाटलं. पेपर पसरले, सकाळी ते कोरडे ठणठणीत होते. इंजिन सुरू केल्यावर तिने डोळे मिटले आणि बाजारात वांगं कानाशी धरते तशी मान कलती केली. मग डोळे उघडून हसली. म्हाताऱ्याने तिला उडवायला दिलं आणि उतरल्यावर तिचा हात धरून विचारलं, कसं आहे माझं पाखरू? कुंदाच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मनातल्या मनात तुळसाबाईला सांगून टाकलं की आलं बाई एकदाचं.

पण चाकांचे चार दिवे असतात. प्रत्येक चाक वर गेलं की खाली आलं हे सांगणारे. त्यातला एक मधूनच लुकलुकत होता. म्हातारा म्हणाला, दिवा जुना झालाय. मिस्त्री म्हणाला, तार सैल आहे. कुंदा म्हणाली, हे नीट करा, मी परत येऊन बघते आणि घेते. मी तिला बाजूला घेऊन अक्षरशः हात जोडले. म्हटलं, कुंदा, एक दिवा आहे. घे आणि चंद्रपूरला नेऊन नीट कर.

ती म्हणाली, तिच्या सोबत्याच्या विमानातलाही एक दिवा असाच लुकलुकायचा. सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्याच्याकडे कुणी बघेना.



सुटा भाग बाहेरून यायला वेळ लागला. तेवढ्या वेळात पूर्वेच्या किनाऱ्यावरची एक पर्यटनवाली मंडळी आली. त्यांनी ना बोट चाटलं ना पेपर पसरले. फोटो काढले आणि विमान घेऊन टाकलं, लुकलुकत्या दिव्यासकट. म्हाताऱ्याने फोनवर कुंदाची माफी मागितली. त्याच्या मुलांना घाई होती. कुंदा माझ्या ओट्यावर बसून बोलत होती. ती म्हणाली, ठीक आहे काका, दिवा मात्र त्यांना बदलायला लावा. फोन ठेवून ती माझ्याकडे वळली आणि विचारलं, भरीत आहे का. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तिच्यासाठी रडले की इतके दिवस वाया गेले म्हणून, ते मला सांगता येणार नाही. तिला मारावंसंही वाटत होतं.

पुढचं तर त्यावर कडी. त्या मंडळींकडे डोंगेवालं विमान चालवू शकणारा वैमानिकच नव्हता. भाग आला, दिवा बदलला आणि ते विमान पूर्वेच्या किनाऱ्यावर नेऊन देण्यासाठी त्यांनी कुंदालाच विचारलं. तिथेच नोकरीवर राहायचंही. दुसरी कुणी असती तर फोन आपटला असता. ही हो म्हणाली. जाताना तिने मला वाट सांगितली. चंद्रपूरला तेल भरायचं आणि पुढे सरळ पूर्वेकडे न जाता आधी थोडं उत्तरेला जाऊन मग वळायचं. तेवढ्या वळणाची परवानगी तिने रीतसर काढली होती. मी विचारलं, वळण कशासाठी? ती म्हणाली, "तुळसाबाईले सांग, मी येऊन राह्यली."

दिवाळी होऊन गेली होती. तलाव शिंगाड्याने गच्च हिरवा झाला होता आणि मधोमध ती पट्टी, स्वच्छ पाण्याची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी आदल्या दिवशीच निरोप पोचवला होता. कुंदा येते आहे एवढाच. विमान तिचं नाही, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. सकाळपासून सगळं गाव काठावर होतं. ढिवरांनी शिंगाडे तोडायचं थांबवून आपले डोंगे बाजूला लावले होते. सोमाभाऊला खाट आणून दिली होती. तुळसाबाईने धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि ती पाण्यात घोट्यापर्यंत उभी होती, पाहुणीला हात द्यायला.

आधी आवाज आला, मग जंगलावरून ते पिवळं विमान आलं. तलावाच्या टोकाशी ते वळलं आणि पट्टीच्या बरोबर रेषेत आलं. खाली येत गेलं. वारा समोरचा होता. डोंग्यांची पोटं उन्हात चकाकत होती आणि चाकं कुठेच दिसत नव्हती. पानी हाय, चाकं वर. लोकांनी ओरडायला सुरुवात केली. मला वाटलं की ती उतरते आहे. दुसऱ्याचं विमान, परवानगी नाही, तरी ही आता उतरणार, आणि खरं सांगते, उतर गं बाई एकदाची, असंच मी मनात म्हणत होते.

आणि मग, पट्टी अजून समोर असताना, डोंग्यांतून चाकं बाहेर आली. पुढची दोन, मागची दोन.

लोकांना काही कळलं नाही. उलट त्यांना वाटलं, आता उतरतं. मला कळलं. चाकं बाहेर काढल्यावर कुंदा मेली तरी पाण्यावर उतरणार नाही. तिने स्वतःचाच रस्ता बंद केला होता, सगळ्यांच्या देखत, तलावावर येऊन.

विमान पट्टीवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अगदी सरळ गेलं. पाण्याला शिवलं नाही. पलीकडच्या सागाच्या झाडांवरून ते वर उठलं. तुळसाबाई वळून माझ्याकडे आली.

"चाकं काहाले काढले वो तिनं?"

मी सांगितलं. चाकं बाहेर असली की पाण्यावर उतरता येत नाही. तिने तुमचं पाणी परत केलं.

कुणीतरी मागून म्हणालं की असं कसं, पाण्यापाशी येऊन सांगावं लागतं. सगळे सोमाभाऊकडे बघायला लागले. तो खाटेवर कपाळाला आडवा हात लावून अजून आभाळाकडेच बघत होता.

"आली तं व्हती," तो म्हणाला.

तुळसाबाईने मान हलवली आणि ती आपल्या डोंग्याकडे चालू लागली. मी तिथेच उभी राहून बघत होते. कुंदा पूर्वेकडे वळली होती, गडचिरोलीच्या जंगलाकडे. आता पाणी मागे राहिलं होतं आणि चाकं आत घ्यायला काहीच हरकत नव्हती. पण विमान दिसत होतं तोवर चाकं खालीच होती.